क्लिफर्ड बीअर्स : वेड्यांच्या इस्पितळातून परतलेला साक्षीदार

न्यायसभेत कोणी साक्ष देण्यास उभा राहिला, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न प्रथम निघतो. चोराची, लबाडाची, उघड वैऱ्याचीही साक्ष न्यायाधीश ऐकून घेतो आणि मग तिचे मोल ठरवितो. परंतु जगात एक मनुष्य असा आहे की, त्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याची साक्ष फेटाळली जाते. तो म्हणजे वेडा ठरलेला मनुष्य. मला मारले असे तो म्हणाला, तर लोक म्हणतात, त्याला भास झाला. त्याने अंगावरचे वळ दाखविले, तर लोक म्हणतात, कोठे तरी पडला असेल. अशा अभागी लोकांपैकी एक जण बरा होऊन आपल्या घरी परत आला, आणि आपण काय पाहिले व काय सोसले हे त्याने अशा रीतीने लिहिले की, ज्यांनी आपले कान बंद केले होते त्यांनाही ते ऐकावे लागले. त्यांचे नाव क्लिफर्ड व्हिटिंगहॅम बीअर्स. त्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बाळपण व मनात शिरलेली भीती

अमेरिकेतील कनेटिकट राज्यात न्यू हेवन नावाचे नगर आहे. तेथे ३० मार्च १८७६ रोजी क्लिफर्डचा जन्म झाला. वडील शेतमालाचा व्यापार करीत. घरी फार श्रीमंती नव्हती, तरी उणेही काही नव्हते. मुलगा हुशार, चपळ व थोडा लाजाळू होता. त्याच गावच्या सुप्रसिद्ध येल विद्यापीठात तो शिकू लागला.

सन १८९४ मध्ये त्याच्या वडील भावास झटके येऊ लागले. पूर्वी त्याची प्रकृती उत्तम होती. वैद्यांनी दुखण्याचे निदान फेफरे असे केले. आपल्या धडधाकट भावास अकस्मात भूमीवर कोसळताना क्लिफर्डने पाहिले, आणि आज जे ह्याला झाले ते उद्या मलाही होईल, अशी भीती त्याच्या मनात शिरली. त्याने ती आईला सांगितली नाही, मित्रालाही सांगितली नाही. वर्गात शिक्षकांनी उभे केले असता, आताच आपल्याला झटका येणार, ह्या विचाराने त्याचे अंग घामाने भिजून जाई. अशा स्थितीत त्याने अभ्यास पुरा केला व १८९७ साली पदवी मिळविली. नंतर काही काळ त्याने गावच्या करवसुलीच्या कचेरीत कारकुनी केली, आणि मग न्यू यॉर्क शहरी एका विमा कंपनीत नोकरी धरली. बाहेरून पाहणाराला तो एक होतकरू तरुण दिसे. आत मात्र सहा वर्षे ती भीती वाळवीप्रमाणे काम करीत होती.

सन १९०० च्या जून महिन्यात त्यांच्या मनाची शक्ती संपली. नोकरी सोडून ते घरी आले. आपल्याला फेफरे जडलेच आहे, आता आपण घरच्यांस जन्माचे ओझे होणार, अशी त्यांची खात्री झाली. २३ जून रोजी घरची मंडळी जेवावयास बसली असता त्यांनी वरच्या मजल्यावरील खिडकीतून स्वतःला खाली टाकले. फरसबंदीपासून काही बोटांच्या अंतरावर, मऊ मातीत ते पडले. दोन्ही पावलांची हाडे मोडली, पाठीला मुका मार बसला, पण प्राण वाचला. आश्चर्य असे की, भूमीवर आदळताच ती सहा वर्षांची फेफऱ्याची भीती नाहीशी झाली. परंतु तिच्या जागी तिच्याहून विचित्र भ्रम येऊन बसले.

पुढे थोड्याच दिवसांत, ४ जुलै रोजी, त्यांचा आजारी भाऊ मरण पावला. त्याला मुळी फेफरे नव्हतेच. मेंदूच्या तळाशी झालेल्या एका गाठीमुळे ते झटके येत होते, असे शेवटी निष्पन्न झाले. ज्या भयाने एका तरुणाची बुद्धी ढळली, त्या भयाला काही आधारच नव्हता. त्याने ते वेळीच कोणापाशी बोलून दाखविले असते तर काय झाले असते, हे कोण सांगू शकेल?

सातशे अठ्ठ्याण्णव दिवसांचे मौन

पाय मोडलेल्या ह्या रुग्णास प्रथम गावच्या रुग्णालयात नेले. तेथल्या खिडक्यांना गज होते. ते पाहून त्यांना वाटले की, जीव देण्याचा प्रयत्न हा अपराध असल्यामुळे आपणास कैद झाली आहे. डॉक्टर व परिचारक त्यांना वेषांतर केलेले गुप्त पोलीस वाटू लागले. पावलांना शेक दिला, तर तो कबुलीजबाब काढण्यासाठी चाललेला छळ वाटला. पुढे आलेला प्रत्येक पदार्थ म्हणजे एखाद्या गुन्ह्याची खूण, आणि तो खाणे म्हणजे तो गुन्हा पत्करणे, असे वाटून त्यांनी अन्न नाकारले. भेटीस येणारे आईबाप व भाऊ हेही त्यांना तोतये दिसू लागले. आपण एक शब्द जरी बोललो तरी आपल्या माणसांचा नाश होईल, असे समजून त्यांनी बोलणेच सोडले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा मनुष्य अजाण झाला नव्हता. त्यांचे डोळे पाहत होते, कान ऐकत होते, स्मरणशक्ती शाबूत होती. जे दिसे त्याचा अर्थ तेवढा ते उलटा लावीत. त्यामुळे त्यांना मायेचा स्पर्श कोणता व हिसका कोणता, हे पुरते कळत होते. आणि दोन्ही त्यांच्या मनात जसेच्या तसे साठत गेले.

ह्यानंतर त्यांना एका खासगी आरोग्यधामात ठेवण्यात आले. पावले मोडलेली असल्यामुळे त्यांना धड उभेही राहता येत नव्हते. तरीही तेथे रात्री त्यांचे दोन्ही हात जाड कॅनव्हासच्या पिशवीत घालून, मनगटांशी पट्टे आवळून कुलूप लावीत. पुढील काळात त्यांनी ह्याहून शतपट कठोर यातना सोसल्या. तरी पहिल्या रात्री हातांना कुलूप पडले तेव्हा जो अपमान वाटला, तसा पुन्हा कधी वाटला नाही, असे त्यांनी नमूद केले आहे. हे करणारांच्या मनात कदाचित क्रौर्य नसेल. रुग्णाने स्वतःला इजा करू नये, एवढाच त्यांचा हेतू असेल. परंतु रात्रभर जवळ बसण्यास माणूस लागतो, आणि कुलूप त्याहून स्वस्त पडते. काळजीची जागा सोयीने घेतली, म्हणजे असेच होते.

तेथून काढून काही महिने त्यांना एका परिचारकाच्या घरी ठेवले, आणि जून १९०१ मध्ये हार्टफर्ड येथील जुन्या व नामांकित खासगी मनोरुग्णालयात दाखल केले. तेथेही ते मुकेच राहिले. मात्र एका सहरुग्णाशी त्यांचा हळूहळू स्नेह जमला. भेटीला येणारा आपला भाऊ जॉर्ज हा खरा नव्हे, अशी शंका त्यांनी त्या मित्रापाशी बोलून दाखविली. मित्राने त्यांना हसून उडवून लावले नाही. खरे काय ते पडताळून पाहावे, असे त्याने सुचविले. तेव्हा बीअर्स ह्यांनी भावाच्या घरच्या पत्त्यावर एक पत्र गुप्तपणे धाडले. तू माझा खरा भाऊ असशील तर येताना हेच पत्र हाती घेऊन ये, अशी त्यात खूण घातली होती.

दुसऱ्याच दिवशी, ३० ऑगस्ट १९०२ रोजी, जॉर्ज ते पत्र घेऊन आला. त्याने ते पुढे केले मात्र, सव्वादोन वर्षांची भ्रमाची भिंत एका क्षणात ढासळली. भाऊ खरा होता, म्हणजे आईबापही खरे होते, आणि कैद व खटला ही सगळी कल्पना होती. ते खिन्नतेचे दिवस बीअर्स ह्यांनी पुढे मोजून पाहिले. ते ७९८ भरले. त्या दिवसांची अखेर कोणत्या औषधाने झाली नाही. एका सहरुग्णाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि एका भावाने दिलेली खूण पाळली, त्यामुळे झाली.

आनंदाचा पूर व बंधनाचा अंगरखा

वाचकांस वाटेल, येथे दुःखाची समाप्ती झाली. परंतु बीअर्स ह्यांच्या मनाचे पारडे आता दुसऱ्या टोकास गेले. निरुत्साहाच्या जागी अमर्याद उत्साह आला. आलटून पालटून येणाऱ्या ह्या दुखण्यास आजचे वैद्य द्विध्रुवी मनोविकार म्हणतात. झोप उडाली, बोलणे थांबेना, लिहिणे त्याहून थांबेना. कागद संपला म्हणजे सामान गुंडाळण्याच्या कागदाच्या पट्ट्या जोडून वीस वीस, तीस तीस फूट लांब पत्रे ते लिहीत. आणि ह्याच काळात, वेड्यांच्या इस्पितळांची सुधारणा आपण करावयाची, हा विचार त्यांच्या मनात रुजला. विचार आजाराच्या भरात आला खरा, पण तो खोटा ठरला नाही.

असा रुग्ण सांभाळणे अवघड असते हे आम्हास कबूल आहे. ते हुकूम मोडीत, वाद घालीत, डॉक्टरांस चिडवीत, आणि आपला हा दोष त्यांनी स्वतःच्या पुस्तकात लपविलेला नाही. परंतु ह्यावर त्या इस्पितळात जो उपाय योजला गेला, तो उपचार नसून शिक्षा होती. एका तरुण सहाय्यक डॉक्टराशी खटका उडाला, तेव्हा त्याने बीअर्स ह्यांना जखडण्याचा अंगरखा घालविला. हा अंगरखा जाड कॅनव्हासचा असतो. त्याच्या बाह्यांची टोके शिवून बंद केलेली असतात. हात छातीवर एकमेकांवर घेऊन बाह्या मागे बांधतात, आणि पाठीवरच्या दोऱ्या आवळतात. त्या रात्री त्या दोऱ्या मुद्दाम अधिक आवळल्या होत्या. काही वेळाने हातांना मुंग्या आल्या, मग कळा सुरू झाल्या, आणि मग सर्वांगाला ठणका लागला. बंध थोडे सैल करा म्हणून त्यांनी विनविले, पण त्याचा उपयोग झाला नाही. ही एका रात्रीची गोष्ट नव्हती. जवळजवळ तीन आठवडे त्यांच्या रात्री अशा बंधनात गेल्या, आणि ज्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या असतात अशा कोंदट खोलीत त्यांना कोंडून ठेवण्यात आले.

तो काळच अज्ञानाचा होता, असे कोणी म्हणेल. परंतु तसे म्हणता येत नाही. इंग्लंडात लंडनजवळ हॅनवेल येथील मोठ्या इस्पितळात डॉक्टर जॉन कॉनॉली ह्यांनी सन १८३९ मध्येच रुग्णांच्या साखळ्या, पट्टे व अंगरखे बंद करून दाखविले होते, आणि तरीही तेथील कारभार सुरळीत चालला होता. म्हणजे बीअर्स ह्यांच्या हातांवर दोऱ्या आवळल्या गेल्या त्याच्या साठ वर्षे आधीच चांगला मार्ग ठाऊक झालेला होता. उणीव ज्ञानाची नव्हती, इच्छेची होती.

दांडग्यांच्या वॉर्डात

नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यांना मिडलटाऊन येथील सरकारी इस्पितळात हलविले. सरकारी इस्पितळातील सर्वांत वाईट वॉर्ड म्हणजे दांडग्या रुग्णांचा. तेथे काय चालते ते स्वतः पाहिल्यावाचून सुधारणा कशी सांगावी, असे त्यांच्या उत्साही मनाने घेतले, आणि मुद्दाम दांडगाई करून त्यांनी स्वतःला तेथे धाडवून घेतले. तेथील अनुभवाने त्यांची जिज्ञासा पुरी फिटली.

हिवाळा कडाक्याचा होता. ज्या खोलीत त्यांना ठेवले तीत ऊब नव्हती, आणि अंगावर आतल्या कपड्यांपलीकडे काही नव्हते. निजण्यास जमिनीवर गादी. थंडी असह्य झाली म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जाड नमद्याच्या पट्ट्या फाडून व त्या एकमेकींत विणून ते स्वतःसाठी वस्त्र करीत. ह्यावर उपाय म्हणजे अधिक पांघरूण नव्हे, तर सामानाची नासाडी केल्याबद्दल अधिक कडक वागणूक. लिहिण्याचे साहित्य काढून घेतले, तेव्हा ते भिंतीवर लिहू लागले.

एका रात्री त्यांनी जाणाऱ्या परिचारकापाशी प्यावयास पाणी मागितले. पाण्याऐवजी शिव्या मिळाल्या. त्यांनीही उलट शब्द दिला. मग खोलीचे दार उघडले, आणि पाणी मागणाराला मार बसला. तहान लागणे हे काही वेडाचे लक्षण नव्हे, आणि पेलाभर पाणी देण्यास वैद्यकीय विद्या लागत नाही. परंतु जेथे वरिष्ठांचे लक्ष नाही आणि आतल्याचा शब्द बाहेर कोणी खरा मानीत नाही, तेथे पेलाभर पाणीही दुर्मीळ होते.

स्वतःला झालेल्या मारापेक्षा इतरांना झालेल्या माराचे वर्णन त्यांनी अधिक काळजीपूर्वक केले आहे. त्यांच्या पाहण्यात असे आले की, मार बसे तो बहुधा धटिंगणांस नव्हे, तर अगदी दुबळ्यांस. कोणी म्हातारा, कोणी ज्याला सांगितलेला हुकूम समजतच नाही असा, कोणी ज्याला मलमूत्राची शुद्ध नाही असा. ऊठ म्हटल्याबरोबर असा मनुष्य उठला नाही, तर तो हट्टीपणा समजून त्याला लाथा बसत. ज्या आजारासाठी त्याला तेथे आणले, त्याच आजाराबद्दल त्याला शिक्षा होई. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी, हा पडला, असे सांगण्यात येई.

असे असूनही त्यांनी सर्व परिचारकांस एका मापाने मोजले नाही. काही जण शांत स्वभावाचे होते. ते हाका मारून, हसून, थोडा धीर धरून त्याच रुग्णांकडून त्याच गोष्टी मारावाचून करवून घेत. त्यांच्या पाळीत वॉर्डात गोंधळही कमी होई. दांडगाईतून दांडगाई उपजते, हा त्यांचा सिद्धांत असा डोळ्यांदेखत सिद्ध झालेला होता. मारणारे परिचारकही जन्मतः राक्षस नव्हते. त्यांना शिक्षण दिलेले नव्हते, काम फार होते, आणि आधीच्या लोकांनी त्यांना जो धाक शिकविला तोच ते चालवीत होते. म्हणून बीअर्स ह्यांनी मुख्य दोष त्या माणसांना न देता, त्यांना तसे घडविणाऱ्या व्यवस्थेला आणि डोळेझाक करणाऱ्या वरिष्ठांना दिला.

राज्याच्या गव्हर्नरास पत्र

आत घडलेले बाहेर कळावे कसे? रुग्णांची पत्रे अधिकाऱ्यांच्या हातून जात. म्हणून मार्च १९०३ मध्ये बीअर्स ह्यांनी कनेटिकटच्या गव्हर्नराच्या नावे एक लांबलचक तक्रारअर्ज लिहिला, आणि तो युक्तीने बाहेर टपालात पडेल अशी व्यवस्था केली. पत्र पोहोचले. गव्हर्नराने ते वेड्याचे पत्र म्हणून केराच्या टोपलीत टाकले नाही. त्याने ते वाचले आणि इस्पितळाच्या मुख्यास खुलासा विचारला. एका वरिष्ठाने एक प्रश्न विचारला, एवढ्यानेच पुष्कळ गोष्टी नरमल्या.

हळूहळू उत्साहाचा पूरही ओसरला. १० सप्टेंबर १९०३ रोजी, तीन वर्षांहून अधिक काळ आजारात काढून, बीअर्स घरी आले. तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते.

साक्ष कशी द्यावी

त्यांनी पुन्हा न्यू यॉर्क येथे नोकरी धरली व कामही चांगले केले. परंतु मागे राहिलेल्यांची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. अनुभवांचे पुस्तक लिहावे, असे त्यांनी ठरविले. लिहिण्याच्या विचाराने मनात पुन्हा तो जुना, बेताल उत्साह उसळू लागला. तेव्हा सन १९०५ च्या आरंभी भावाच्या सल्ल्याने ते आपण होऊन इस्पितळात गेले, आणि मन ताळ्यावर येईतो काही आठवडे तेथे राहिले. इस्पितळांवर टीका करणारा हा मनुष्य इस्पितळांचा वैरी नव्हता, हे ह्यावरून दिसून येते. मोडक्या पुलावरून पडलेल्या प्रवाशाला पूल नको असतो असे नाही. त्याला चांगला पूल हवा असतो.

तू वेडा होतास हे जगजाहीर करशील तर तुला नोकरी कोण देईल, असे हितचिंतकांनी त्यांना बजावले. तरीही त्यांनी स्वतःचे नाव घालून लिहिण्याचे ठरविले, कारण निनावी साक्षीला कोण मानतो? परंतु स्वतःचे नाव देणाऱ्या ह्या लेखकाने इस्पितळांची व ज्यांनी मारले त्यांची नावे मात्र दिली नाहीत. हार्टफर्ड व मिडलटाऊन ही नावे पुढे चरित्रकारांनी नोंदविली. सूड घेणे हा त्यांचा हेतू नव्हता. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. आपले भ्रम, आपला हट्ट, आपण दिलेला त्रास हे सर्व त्यांनी आधी मांडले. आपल्या मनाचा खोटेपणा कोठे सुरू झाला व कोठे संपला, हे जो इतके नेमके सांगतो, तो अंगरख्याच्या दोऱ्यांविषयी खोटे का सांगेल, असे वाचणाराच्या मनात आपोआप येते.

हस्तलिखित त्यांनी त्या काळचे थोर मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स ह्यांच्याकडे धाडले. जेम्स ह्यांना ते इतके मोलाचे वाटले की, १९०६ साली त्यांनी लिहिलेले पत्र पुढे पुस्तकाची प्रस्तावना म्हणून छापण्यात आले. नामांकित मनोविकारतज्ज्ञ अॅडॉल्फ मायर ह्यांनीही त्यांना सल्ला दिला. लोकांचा क्षोभ उसळवून थांबू नये, तर चिरकाल टिकणारी संस्था उभारावी, आणि आजार होऊ न देण्याचाही विचार करावा, ह्या दृष्टीने त्या कार्यास मानसिक आरोग्यरक्षण हे नाव मायर ह्यांनी सुचविले. मार्च १९०८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. हरवलेले मन स्वतःला पुन्हा सापडते, अशा आशयाचे त्याचे नाव आहे. त्याच्या पुष्कळ आवृत्त्या निघाल्या.

संस्था व शेवटची वर्षे

पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच, ६ मे १९०८ रोजी, न्यू हेवन येथे कनेटिकट राज्यापुरती पहिली मंडळी स्थापन झाली. १९ फेब्रुवारी १९०९ रोजी सर्व अमेरिकेसाठी राष्ट्रीय समिती निघाली. बीअर्स तिचे चिटणीस झाले. आरंभी पैसा नव्हता. ते कर्ज काढून पोट भरीत व कार्य चालवीत. इस्पितळांची पाहणी करणे, परिचारकांना शिक्षण मिळावे म्हणून खटपट करणे, जुने कायदे बदलविणे, घरी राहून उपचार घेता यावेत म्हणून दवाखाने काढविणे, अशी कामे समितीने हाती घेतली. १९१३ साली न्यू हेवन येथे असा एक दवाखाना निघाला. तो अमेरिकेतील अशा अगदी आरंभीच्या दवाखान्यांपैकी होय. १९१२ साली बीअर्स ह्यांचा क्लॅरा जेप्सन ह्यांच्याशी विवाह झाला. मे १९३० मध्ये वॉशिंग्टन येथे मानसिक आरोग्याची पहिली जागतिक परिषद भरली. तीत अनेक देशांतून तीन हजारांहून अधिक लोक जमले. ज्याच्या शब्दावर एके काळी परिचारकही विश्वास ठेवीत नसे, त्याच्या प्रयत्नाने ही मंडळी एकत्र आली होती.

ह्या चरित्राचा शेवट सुखाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. १९३९ साली बीअर्स कामातून निवृत्त झाले. जुना आजार परत आला होता, आणि प्रॉव्हिडन्स येथील एका मनोरुग्णालयात ते पुन्हा रुग्ण म्हणून राहिले. तेथेच ९ जुलै १९४३ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. आजाराने त्यांना दोनदा गाठले, म्हणून मधल्या वर्षांचे काम लटके होत नाही. मधुमेह्याचा मधुमेह परतला, तर त्याने मधल्या काळात पेरलेले शेत काही नाहीसे होत नाही.

साखळ्यांची घंटा

त्यांच्या मरणानंतर दहा वर्षांनी एक अपूर्व गोष्ट घडली. बीअर्स ह्यांच्या समितीची वारस असलेल्या संस्थेने देशभरच्या इस्पितळांतून, पूर्वी रुग्णांना जखडण्यासाठी वापरलेल्या साखळ्या व बेड्या मागविल्या. १९५३ साली बाल्टिमोर येथील एका कारखान्यात त्या वितळवून त्यांची ३०० पौंड वजनाची एक घंटा ओतण्यात आली. ज्या लोखंडाने माणसांना मुके केले होते, त्याच लोखंडाला वाचा फुटली. ती घंटा आजही त्या संस्थेची खूण आहे.

आपल्या देशापुरते पाहिले, तर साखळीचा प्रश्न दूरचा नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवण्याच्या झोपडीस आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण जळून मेले. पुढे २०१७ साली संसदेने मानसिक आरोग्यसेवेचा नवा कायदा केला. त्याप्रमाणे कोणाही मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. रुग्णास पत्रे धाडण्याचा व मिळण्याचा हक्क आहे, आणि मिळणाऱ्या सेवेत उणीव असल्यास तक्रार करण्याचा हक्क आहे. बीअर्स ह्यांना जे एक पत्र चोरून धाडावे लागले, ते आज आमच्या देशात रुग्णाने उघडपणे धाडावे, असे कायदा म्हणतो.

परंतु पत्र धाडण्याचा हक्क असून भागत नाही. ते वाचणारा कोणी तरी पाहिजे. बीअर्स ह्यांच्या आयुष्यात तीन वेळा एकेक मनुष्य भेटला, ज्याने त्यांचे म्हणणे वेड्याचे म्हणून टाकून दिले नाही. पहिला तो सहरुग्ण, दुसरा खुणेचे पत्र हाती धरून आलेला भाऊ, आणि तिसरा तो गव्हर्नर. ह्या तिघांपैकी एकही वैद्य नव्हता. आमच्या गावांतही अशी घरे आहेत, जेथे मागल्या खोलीचे दार दिवसा बंद असते. आणि अशी माणसे आहेत, जी इस्पितळातून परत आल्यावर काही सांगू लागली की आम्ही विषय बदलतो. ह्यापुढे असा कोणी बोलू लागेल, तेव्हा त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे. त्यातील खरे किती, हे मागून पडताळता येईल. आणि इस्पितळात आपले कोणी असेल, तर त्याच्या भेटीस जावे व वारंवार जावे. ज्याला भेटावयास कोणी येते, त्याच्यावर हात उचलताना मारणारा दोनदा विचार करतो.